तात्यांच्या शेगडीला आवतण

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तात्या गायक्यांनी आपल्या शेगडीला जेवायचं आवतण दिलं, तेव्हा मी विरजण मागायला वाटी घेऊन त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असं त्याला सांगतात, हे मलाही ठाऊक आहे. पण पुंडलिकनगरातल्या दुसऱ्या मजल्यावर, सत्तरी उलटलेला माणूस विजेच्या शेगडीच्या बटणांशी वाकून तेच कुजबुजतोय, हे दृश्य मला नवीन होतं. मी पाय न वाजवता मागं फिरणार होतो, तेवढ्यात त्यांनी पाहिलं.

"या सर, या. फक्त आज तिला शिवू नका. उद्या पंगत हाय तिची."

पंगत झाली, पण धुराची. तूप नुसत्या पत्र्याला लावायचं ते लाडाच्या भरात कॉइलींनाही लागलं होतं. सकाळी तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, पुरण शिजायला टाकलं आणि दहा मिनिटांत जिन्यात माणूस माणसाला दिसेना. वरच्या मजल्यावरचे एकजण पाण्याची बादली घेऊन धावले. तात्या दोन्ही हात पसरून दारात आडवे झाले. "पाणी नाय! विजेवर पाणी नाय! आधी खटका पाडा!" खटका पाडला, खिडक्या उघडल्या, धूर ओसरला. तात्यांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "जरा जास्तच लाड झाला."

ही शेगडी म्हणजे कपाटाएवढं धूड आहे. वर चार कॉइली, खाली ओव्हन. तात्या वाळूजला एका कंपनीत स्टोअरकीपर होते. तिथला एक परदेशी साहेब मायदेशी परत गेला, त्याच्या घरातली ही शेगडी तात्यांनी टेम्पोत घालून आणली. त्याच सुमाराला त्यांच्या गावी, देवगाव रंगारीला, भावानं ट्रॅक्टर घेऊन बैल विकले. तात्या भावाशी वर्षभर बोलले नाहीत आणि विकलेल्या बैलांची नावं त्यांनी कॉइलींना दिली. पुढची डावी हौश्या, पुढची उजवी चंद्र्या, मागच्या दोन्ही गुलब्या आणि तांबड्या. बटणांना ते शिंगं म्हणतात. ओव्हन हा गोठा.

दुरुस्तीचं त्यांचं शास्त्रही गोठ्यातलंच. कुठलंही यंत्र बंद पडलं की तात्या पहिल्यांदा विचारणार, "वैरण पोचली का?" म्हणजे वीज येतेय का, खटका पडलाय का. ती येत असेल तर मग खांदा बघायचा, म्हणजे कॉइल जिथं खोचतात तो सॉकेट. सगळ्यात शेवटी जनावर. "लोक आधी जनावरालाच मारत्यात," हे त्यांचं आवडतं वाक्य. आमच्या बिल्डिंगमधले निम्मे मिक्सर आणि सगळे गिझर ह्या एका प्रश्नावर बरे झालेत. मला मलेरिया झाला होता तेव्हाही उशाशी बसून त्यांनी माझ्या बायकोला विचारलं होतं, "वैरण पोचली का ह्यांना?"

सोमवारी बैलाला जू नसतं, म्हणून सोमवारी शेगडी बंद. त्या दिवशी घरात दही-पोहे आणि शेंगदाण्याची चटणी. तात्या एकेक कॉइल उपसून ओल्या फडक्यानं पुसतात. ती पाण्यात बुडवली तर मेली, असं मला त्यांनी किमान वीसदा बजावलंय. खालच्या ताटल्या सोड्याच्या पाण्यात भिजतात. मग गोठ्याच्या दाराचं रबर तपासायचं. त्यासाठी दारात लग्नपत्रिका अडकवून ओढतात. सहज निघाली तर रबर सैल. एकदा त्यांनी भाच्याचं लग्न चुकवलं, कारण पत्रिका अडकली ती तारीख उलटून गेल्यावरच निघाली. "रबर लई भारी बसलं होतं," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

वीज गेली आणि आली की ओव्हनचं घड्याळ शून्यावर लुकलुकत बसतं आणि ते लावल्याशिवाय ओव्हन तापत नाही. हे कळेपर्यंत तीन मेकॅनिक हात टेकून गेले होते. तेव्हापासून वीज आली की तात्या आत धावतात आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडतात, "सव्वाचार वाजले बरं का!" पुढं पुढं वीज न जाताही ओरडायला लागले. "चंद्र्या तापलाय बरं का!" "गुलब्यावर दूध हाय बरं का!" खालच्या मजल्यावर माझ्या खोलीत ते सगळं ऐकू यायचं. मी ग्रंथपाल माणूस, शांततेची सवय; मला वाटायचं, म्हातारा हळूहळू बिघडतोय.

पुण्यातल्या त्यांच्या मुलाला, सुनीलला, तसंच वाटत होतं. यंदा त्यानं फोनवर निक्षून सांगितलं, दिवाळीला येताना काचेची शेगडी आणतो, बोट टेकवलं की चालू, आणि हे भंगार जाताना मीच काढून नेतो. झालं. तात्या त्या दिवसापासून हवालदिल. जुनी शेगडी वाचवायची, ह्यापलीकडं त्यांना काही सुचेना. फोनवर रोज नवीन कारण.

"काचेला खांदा कुठं असतो रे?"

"चपटं जनावर हाय ते. धरायला शिंगं नायत त्याला."

"तुझ्या आईला नाय आवडत काच."

"आईला फोन द्या," सुनील म्हणायचा, आणि काकू म्हणायच्या, "अरे, ह्यांचं काय मनावर घेतोस? ये तू नीट."

दिवाळी आठ दिवसांवर आली आणि हौश्या गार पडला. तात्या बनियनवरच खाली माझ्याकडं आले. चेहरा उतरलेला. मी वर गेलो. वैरण ठीक होती, बाकीच्या तिघी लाल होत होत्या. तात्यांनी हौश्या काढून चंद्र्याच्या जागी खोचला, तो झकास पेटला. म्हणजे कॉइल धडधाकट, सॉकेट जळालेला. तो काढून घेऊन आम्ही माझ्या स्कूटरवरून शहागंजला गेलो. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं तो काळा तुकडा फिरवून फिरवून पाहिला.

"चचा, ये अब कां मिलती? काचवाली लेलो ना."

"नक्को बोला ना!" तात्या एवढ्यानं ओरडले की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं.

घरी आल्यावर मी समजुतीचं म्हणून सांगितलं, "तात्या, तीन चालताहेत ना? काकूंना चंद्र्यावर तवा ठेवू द्या."

"हौश्याची जागा ती हौश्याचीच."

"अहो, चार बोटांचा फरक."

"म्हणलं ना, जागा बदलायची नाय!"

आता मात्र मी वैतागलो. दिवसभर उन्हात हिंडलो होतो. मी म्हणालो, "तात्या, ही शेगडी आहे. बैल केव्हाच विकले." बोलून गेलो आणि लाज वाटली, पण तात्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ते आत स्वयंपाकघरात बघत होते. मीही बघितलं.

त्या घरात मी शंभरदा जेवलो असेन, पण काकूंना काम करताना कधी नीट पाहिलं नव्हतं. त्यांनी शेगडीच्या कडेला हात टेकला, एक वीत मोजली, तिथं बटण. ते फिरवताना ओठ हलत होते. टक, टक, टक, टक. चार. मग हौश्यावर तवा ठेवला आणि थापलेली भाकरी हातावर घेऊन उभ्या राहिल्या. तवा गार. त्या तो तापायची वाट पाहत होत्या.

"हौश्या आज सुट्टीवर हाय बरं का!" तात्या दारातून म्हणाले.

"कामून? सोमवार थोडीच हाय?" काकू हसल्या आणि तवा हलवायला म्हणून त्यांचा मोकळा हात उजवीकडं गेला, दूध उतरवून तसाच चालू राहिलेल्या लालबुंद चंद्र्याच्या दिशेनं. तात्यांनी दोन ढांगांत जाऊन मनगट धरलं. मग चंद्र्या बंद केला, काकूंच्या हातातली भाकरी हळूच काढून परातीत ठेवली आणि मला घेऊन जिन्यात आले.

"काचबिंदू," ते म्हणाले. "दोन वरसं झाली. गेलं ते येत नाय म्हणले डॉक्टर. आता दुपार हाय का संध्याकाळ, हे पण मीच सांगतो तिला."

"आणि सुनील?"

"त्याला कळलं तर तो चांगल्यासाठीच करीन सर. पुण्याला नेईन, बाई लावीन, हिला खुर्चीत बसवीन. ती म्हणती, मला बसवू नका, बसले का मी संपले. ह्या शेगडीवर हात बसलाय तिचा. काचेवर कुठं हात लावावा तिनं?"

दोन वर्षं मी ह्या माणसाच्या आरोळ्यांच्या घरी नकला करून हशा पिकवला होता.

उपाय शेवटी तात्यांनाच सुचला. मागचा तांबड्या फारसा लागत नाही. त्याचा खांदा काढून हौश्याला बसवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खटका पाडला, ते धूड ओढून खिडकीखाली आणलं, वरचा पत्रा उघडला. तात्या कमरेपर्यंत आत. मी स्क्रू सांभाळत होतो. आणि दिवाळीला आठवडा असताना, न कळवता, सुनील दारात.

"तात्या, बास आता! नवीन गाडीत आहे खाली. काका, तुम्हीपण ह्यांच्या नादी लागलात?"

मी काहीतरी वायरिंगबद्दल बरळलो. तात्यांनी डोकं बाहेर काढलं, पण इतके दिवस रोज एक कारण शोधणाऱ्या माणसाला आज एकही सापडेना.

"आई, तूच सांग ह्यांना. हे बघ, कसली आहे." सुनीलनं मोबाइल काकूंपुढं धरला. काकू ओट्याशी कणीक मळत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, मोबाइल घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. पडदा केव्हाच विझून काळा झाला होता.

"छान हाय रे," त्या म्हणाल्या. "रंग किती गोड हाय."

सुनील काही तरी बोलणार होता, तो थांबला. त्यानं आईच्या हातातल्या काळ्या पडद्याकडं पाहिलं, मग तात्यांकडं. तात्यांनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं. मग त्यानं बूट काढून कोपऱ्यात ठेवले, बाह्या वर केल्या आणि शेगडीपाशी येऊन खालच्या आवाजात विचारलं, "कुठला स्क्रू, तात्या?"

तात्यांनी दाखवला. सुनील तो फिरवू लागला. आम्ही तिघंही खिडकीशी खेटून वाकलो होतो, तात्यांच्या आरोळ्याही थांबल्या होत्या. ती शांतता काकूंना जाणवली असणार. त्यांनी कणकेचा गोळा परातीत आपटला.

"अरे, तिघं मिळून खिडकीत काय उभे राहिलात? जरा उजेड सोडा की. मला काय दिसणार अशानं?"

आम्ही तिघंही झटकन बाजूला झालो आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिलो.