पहिल्या भेटीचे अंदाजपत्रक

जनाबाईंची नातवाबद्दलची तक्रार एवढीच होती, की पोट्टा जेवायला म्हणून गेला आणि उपाशी परत आला. रविवारी दुपारी भूपेश एका मुलीला भेटायला वर्धा रोडवरच्या कुठल्याशा हॉटेलात गेला. तिथं दोन माणसांचे दोन हजार एकशे चाळीस रुपये मोजले आणि घरी येऊन तीन भाकरी, पातोडीचा रस्सा आणि सकाळचा उरलेला भात उभ्याउभ्या संपवला. तांडापेठेत तीस वर्षं सावजी खानावळ चालवणाऱ्या बाईच्या घरात ही गोष्ट घडावी, हे जनाबाईंना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांच्या आठ टेबलांवरून आजवर तिखटानं कोणी रडत उठला असेल, नाक पुसत उठला असेल, पण उपाशी उठला नव्हता.

"दोन हजारात का खाल्लं गा तुम्ही?"

"आजी, तिथं लोकं खायले नाही जात."

"मंग?"

"भेटाले जातेत."

"भेटाचे दोन हजार? मंत्री व्हय का ते पोट्टी?"

भूपेशनं तोंडात भाकर कोंबली. वय एकतीस, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी, पगार सांगण्यासारखा नाही आणि लपवण्याइतका वाईटही नाही. मोबाईलवर ओळख करून घेऊन मुलीला भेटण्याची त्याची ही सातवी वेळ. या प्रकाराला तो डेट म्हणायचा. घरात मात्र तारीख म्हणत. खानावळीच्या भिंतीच्या वादावरून जनाबाईंनी नऊ वर्षं कोर्टाच्या तारखा केल्या होत्या. चांगलं लुगडं नेसून जायचं, ताटकळायचं, खर्च करायचा आणि काहीच न होता परत यायचं, याला तारीख म्हणतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भूपेशचंही तसंच चाललं होतं. फरक इतकाच, की कोर्टात पुढची तारीख तरी मिळायची. भूपेशच्या सातही तारखा पहिल्याच होत्या.

"यावेळी काय बिघडलं?" भूपेशच्या बापानं, शालिकरामनं विचारलं.

"वेटर आला. म्हणे, सर, पानी रेग्युलर या बॉटल? माह्या तोंडून निघून गेलं, रेग्युलर. तिनं मोबाईलमधून मान वर केली, माह्याकडं पाहिलं अन् मान खाली घातली. मंग वर केलीच नाही."

साधं पाणी मागितल्यामुळे माणूस हातचा जातो, हे जनाबाईंना नवीन होतं. त्यांच्या खानावळीत स्टीलचा जग टेबलावर आदळला, की पाण्याचा विषय संपत असे.

शालिकरामला मात्र ते नवीन वाटलं नाही. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात चौतीस वर्षं वरिष्ठ सहायक म्हणून काढून तो निवृत्त झाला होता, आणि कुठलंही काम फसलं तर ते नियोजनाअभावीच फसतं, अशी त्याची श्रद्धा होती. त्यानं कपाटातून कोरी फाइल काढली, लाल नाडी शोधली आणि वर सुंदर अक्षरात विषय लिहिला : 'चि. भूपेश यांच्या प्रथम भेटीच्या कामास प्रशासकीय मान्यता मिळणेबाबत.'

"माय, हे काम आता आपण रीतसर करू," तो म्हणाला.

आठव्या तारखेची मुलगी ठरलेली होती. नाव मुग्धा. धंतोलीतल्या एका दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर बसायची. तिच्याशी भूपेश महिनाभर मोबाईलवर बोलत होता आणि बोलताबोलता एकटाच हसत होता. हे हसणं जनाबाईंनी पाहिलं होतं. आधीच्या सातांत ते नव्हतं. त्यामुळे हिच्या वेळी पोट्टा उपाशी येऊ नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

शालिकरामनं आठवडाभर अभ्यास करून अंदाजपत्रक सादर केलं. भूपेशची मोटारसायकल तांत्रिकदृष्ट्या अपात्र ठरली, म्हणून चालकासह भाड्याची चारचाकी. मनगटावर भाड्याचं घड्याळ, कारण विकत घेण्यात शासनाचा, म्हणजे घराचा, फायदा नाही. मोबाईल टेबलावर पालथा ठेवायचा असल्यानं पाठीमागे तीन कॅमेऱ्यांचं चित्र असलेलं कव्हर. ही बाब एकशे ऐंशी रुपयांत निभावली आणि बचतीच्या रकान्यात अभिमानानं दाखवली गेली. सर्वांत मोठी रक्कम होती 'पत्ता' या बाबीपुढे.

"पत्ता कायले? पत्ता तं हाय आपला," जनाबाई म्हणाल्या.

"तांडापेठ सांगतलं का मुली म्हणतेत, हो का, छान. छान म्हटलं का झालं. मनीषनगर सांगा लागते."

मनीषनगरचा पत्ता उन्मेष नावाचा दलाल पुरवत असे. तो घरी आला, चहा प्यायला आणि त्यानं योजना समजावून सांगितली. एका नव्या इमारतीतला चौथ्या माळ्यावरचा फ्लॅट, नंबर चारशे दोन. तीन महिन्यांचे अठरा हजार. त्यात फ्लॅटचा क्रमांक सांगण्याचा हक्क, बाल्कनीत उभं राहून एक फोटो आणि फाटकाशी वॉचमनचा सलाम.

"अन् राहाले कधी जा लागते?" जनाबाईंनी विचारलं.

"राहायचं नाही, आजी."

"मंग भाडं कायचं?"

"राहण्याचं भाडं फार जास्त आहे. हे फक्त राहतो म्हणण्याचं. वॉचमनचे ओळखीचे पाचशे वेगळे."

असे ग्राहक किती आहेत, हे त्यानं सांगितलं नाही. त्याच्या धंद्यात गुप्तता फार. पण उठताना त्याच्या हातातल्या वहीचं पान वाऱ्यानं उलटलं, आणि खापा गावच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकून हातमागाच्या कांड्या भरायला बसवलेल्या जनाबाईंनासुद्धा एवढं दिसलं, की नावांची रांग खालपर्यंत गेली होती आणि त्यात डॉक्टर, प्राध्यापक अशी वजनदार अक्षरं होती.

एकूण खर्च शेहेचाळीस हजार झाला. निधी उपलब्ध नव्हता. म्हणजे होता, पण वेगळ्या लेखाशीर्षाखाली. जनाबाईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मागच्या वर्षी काढला होता. डाव्याचे पैसे पोस्टात ठेवलेले होते आणि डॉक्टरांनी पुढच्या महिन्याचा दिवस दिला होता. शालिकरामनं फाइलवर टिपणी लिहिली आणि आईला वाचून दाखवली : 'एक डोळा कार्यरत असल्याने दुसऱ्या डोळ्याची निकड तूर्त तातडीची दिसून येत नाही. सबब सदर निधीचे पुनर्विनियोजन करण्यास हरकत नसावी.'

"वा गा! मले तू एका डोळ्याची काणी केली अन् वरतून हरकत नसावी?"

"माय, सून पाहाले एक डोळा पुरते. अन् रंभाबाईच्या नातसुनेचे मायबाप कुठचे? मनीषनगरचे."

रंभाबाई म्हणजे जनाबाईंची धाकटी जाऊ. तिच्या नातवाच्या लग्नात आकाशात कॅमेरा उडाला होता आणि तो दोनदा जनाबाईंच्या डोक्यावरून मुद्दाम गेला होता, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी पेन मागवलं. तीन वर्षं सराव करून कमावलेली सही त्यांनी फाइलवर केली, 'ज'ला शेपूट काढून. सही करताना एकच प्रश्न विचारला.

"अन् दुसऱ्या तारखेले पैसे?"

"पहिल्या भेटीच्या निधीतून दुसरी भेट करता येत नाही, माय. तिचं वेगळं अंदाजपत्रक लागते. आधी पहिलीचं उपयोगिता प्रमाणपत्र येऊ दे."

पैसा आपल्या डोळ्याचा असल्यामुळे काम आपल्या डोळ्यासमोर झालं पाहिजे, अशी अट जनाबाईंनी घातली. शालिकरामनं ती त्रयस्थ परीक्षण म्हणून नियमात बसवली. त्यामुळे ठरल्या दिवशी दुपारी चार वाजता भूपेश आणि मुग्धा एका टेबलावर आणि अनोळखी वृद्ध महिला म्हणून जनाबाई शेजारच्या टेबलावर, अशी मांडणी झाली. शालिकराम फाइल घेऊन बाहेर भाड्याच्या गाडीत बसला. गाडीचं भाडं तासावर चालू होतं.

मुलगी जनाबाईंना एका डोळ्यानंही आवडली. हडकुळी होती, पण नजर सरळ होती. खांद्याला मात्र एवढी मोठी, एवढी चकचकीत पर्स, की तिला वेगळी खुर्ची द्यावी लागली.

वेटर आला. "सर, पानी रेग्युलर या बॉटल?"

"बॉटल. इम्पोर्टेड असन तं ते," भूपेश म्हणाला.

मुग्धानं एक क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि तीही मागे हटली नाही. "मला बुडबुड्यांचं."

बुडबुड्यांचं पाणी चारशे ऐंशी रुपयांचं होतं. मग त्यानं मशरूमचं काहीतरी मागवलं, म्हणून तिनं त्याहून वरच्या ओळीतलं मागवलं. तिनं मागवलं म्हणून त्यानं पुन्हा. दोघांपैकी कोणीही खात नव्हतं. भूपेशचा डावा हात घड्याळ दिसावं म्हणून टेबलावर ठेवलेला होता आणि तो तिथून हलवायची त्याला परवानगी नव्हती. वेटर जनाबाईंकडे वळला, तेव्हा त्या मोठ्यानं म्हणाल्या, "नळाचं आण रे बाप्पा. अन् थंडं नको." आजूबाजूची दोनतीन टेबलं दचकून त्यांच्याकडे पाहू लागली.

"तुम्ही राहता कुठं?" मुग्धानं विचारलं.

अठरा हजार वसूल होण्याची वेळ आली होती. भूपेश खुर्चीत सरळ झाला. "मनीषनगर," असं म्हणून त्यानं इमारतीचं नाव सांगितलं. "चौथा माळा. चारशे दोन."

मुग्धाचा चमचा हवेतच थांबला.

"चारशे दोन? जिन्याजवळचं?"

"हो. काहून?"

"तिथं मी राहते."

जनाबाईंनी आयुष्यात बऱ्याच शांतता ऐकल्या होत्या. भरल्या खानावळीत मटण संपल्याचं सांगितल्यावर पडते तीसुद्धा. पण ही तिच्याहून मोठी होती. मुग्धानं खाली पाहिलं, ओठ दाबले आणि हळूच विचारलं, "वॉचमनला ओळखीचे किती देता?"

"पाचशे."

"माझ्याकडून सातशे घेतो मेला. म्हणतो, मॅडम लोकांना दोनदा सलाम लागतो."

आधी ती हसली. मग तो हसला. मग दोघं इतकी हसली, की धक्क्यानं मोबाईलचं कव्हर निघून त्याचा एकुलता एक कॅमेरा उघडा पडला आणि त्यावरही हसली. मुग्धानं सांगितलं, की ती महालात राहते, दोन खोल्यांत चार माणसं, वडील कोर्टातून लिपिक म्हणून निवृत्त झालेले, आणि पर्स मावशीची आहे, आत फक्त डबा आहे. तिनं डबा काढला. त्यात पोळी आणि कारल्याची भाजी होती. "मला माहीत होतं इथं पोट भरत नाही," ती म्हणाली. दोघांनी एकएक पोळी खाल्ली. वेटर बघत राहिला. डब्यावर सेवाशुल्क लावायची सोय त्याच्या यंत्रात नव्हती.

"अन् माह्या आजीची सावजी खानावळ हाय तांडापेठेत," भूपेश म्हणाला.

"खरंच? मग आपण इथं काय करतोय? पुढच्या वेळी तिकडंच जाऊ या. नाक गळालं तरी चालेल."

शेजारच्या टेबलावर जनाबाईंनी मनातल्या मनात मसाला वाटायला घेतला. तिला तिखट किती चालेल, पहिल्यांदा तर्री वेगळी द्यावी की वरूनच टाकावी, आठांपैकी कोणत्या टेबलावर बसवावं, इथवर त्या पोचल्या. बिल आलं. मुग्धानं हट्टानं अर्धं दिलं, मावशीची पर्स पोटाशी धरली आणि ऑटोतून निघून गेली. जाताना मागे वळून तिनं हात हलवला. जनाबाईंनी तो एका डोळ्यानं नीट पाहिला.

गाडीत शालिकरामनं फाइल उघडली. "अहवाल?"

"नापसंत," भूपेश म्हणाला.

जनाबाईंना वाटलं आपल्याला ऐकूही कमी येऊ लागलं. "का म्हणून राहिला रे?"

"अवं आजी, सगळं खोटं निघालं तिचं. पत्ता भाड्याचा, पर्स मावशीची. महालातल्या दोन खोल्या. पहिल्याच भेटीत एवढी फसवणूक करते, तं पुढं काय करन? अन् हॉटेलात डबा काढला वं! लोकं पाहून राहिले होते. मले तं वरच्या लेव्हलचं कोणी पायजे."

शालिकरामनं गंभीरपणे मान हलवली आणि लिहिलं : 'पडताळणीअंती समोरील पक्षाने सादर केलेली माहिती असत्य आढळल्याने प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे.' मग पान उलटून त्यानं नवव्या भेटीचा विषय लिहायला घेतला. मनीषनगरात आता कोणीही घुसतं, यावेळी सिव्हिल लाइन्सच बघावं लागेल, असं त्याचं मत पडलं. निधीसाठी खाप्याची जनाबाईंच्या नावची जागा होतीच. त्यानं पेन उघडून आईपुढे केलं.

जनाबाईंनी पेन घेतलं आणि खिडकीबाहेर फेकलं. मग चालकाला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि नातवाची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"सही मीच केली होती, तं माहा दोष मी घेतो. पण तू आईक. ते पोट्टी खोटी नव्हती रे, तुह्यासारखी होती. तोच पत्ता, तीच उसनवारी, तेच उपाशी पोट. तिनं तुले हाय तसा पाहिला, हसली, अन् आपल्या डब्यातली पोळी दिली. तूनं तिले हाय तशी पाहिली अन् नापसंत केली. तुह्यासारखी तुले चालत नाही, म्हणजे तुले तूच चालत नाही. मंग जो सोताच सोताले पसंत नाही, तो दुसऱ्याच्या पोरीनं काहून पसंत करावा, सांग बरं?"