वेणू साळिंदर आणि न फाटलेला पोशाख

एका जंगलात एक दवाखाना होता.

जंगलात दवाखाना कुठून आला, असं विचारू नका, मुलांनो. जंगलात राजा असतो, दरबार असतो, दरबारात मंत्री असतात, हे तुम्ही मुकाट्याने मान्य करता. मग बिचाऱ्या दवाखान्यालाच का अडवता? मांडी घालून बसा आणि ऐका.

हा दवाखाना एका मोठ्या गुहेत होता. डॉक्टर होते वानर. ते गुहेबाहेरच्या फांदीवर बसून औषध सांगायचे. आत जाऊन ते औषध पाजायचं, रोग्याची कूस बदलायची, त्याचं पुसायचं-धुवायचं, हे काम सिस्टरांचं. एक ससूताई होती, एक बगळीण होती, एक मुंगूसबाई होती. त्यांच्यावर मेट्रन म्हणून हत्तीणबाई होत्या. आणि चौथी सिस्टर होती वेणू साळिंदर.

वेणूच्या पाठीवर हातहातभर लांब काळेपांढरे काटे होते. पण रोग्यापाशी बसली की ती ते अंगाशी असे चापून बसवायची की आजवर एकाही रोग्याला टोचलं नव्हतं. तिचं बोलणंही मऊ होतं. काटे असलेल्यांचं पुष्कळदा असतं तसं.

वेणूचं घर नाल्यापलीकडे. बिळात तिची एकुलती एक लेक बोरी तिची वाट बघत बसायची. आणि मध्ये त्या नाल्यात राहायचा बिबट्या.

या बिबट्याने एकदा वेणूवर झेप घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाकात काटे घेऊन दवाखान्यात हजर. वेणूनेच ते काटे हलक्या हाताने काढले, वर हळद लावली आणि म्हणाली, "दोन दिवस पाण्यात तोंड घालू नका." तेव्हापासून संध्याकाळी ती नाल्यात उतरली की बिबट्या बाजूला व्हायचा. "या सिस्टर, सावकाश जा. दगड निसरडे आहेत," असं म्हणायचा. जंगलातल्या सभ्यतेचं हे उदाहरण पुढे लागणार आहे. लक्षात ठेवा.

तर एके वर्षी जंगलात घुरघुर नावाची साथ आली. छाती घुरघुरायची, अंग तापायचं, आणि धडधाकट जनावर चार दिवसांत आडवं व्हायचं. श्वासावरून ती एकाची दुसऱ्याला लागायची. गुहा रोग्यांनी भरली.

राजेसाहेबांनी ताबडतोब दरबार बोलावला आणि जाहीर केलं, "सिस्टर म्हणजे साक्षात देवता." मग ठरलेल्या वेळी सगळ्या जंगलाने आपापल्या दारात उभं राहून सिस्टरांच्या सन्मानार्थ शेपट्या आपटल्या. त्याने एवढी धूळ उडाली की खोकणारे आणखी वाढले.

देवतांना रोग अडवायला अंगभर पोशाख लागेल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. देवतांना रोग होत नाहीत, अशी समजूत असावी. मग ससूताई रोग्यांच्याच रांगेत येऊन निजली, तेव्हा दरबाराला जाग आली.

पोशाखांचं काम तरसशेठना मिळालं. का मिळालं, असं विचारू नका. तरसशेठनी माप घेतलं ते आरोग्यमंत्री अस्वलरावांचं. मंत्री समोरच बसले होते, टेप पुरला, काम झालं. अस्वलराव काही गुहेत जाणार नव्हते. पण माप कुणाचं तरी घ्यायलाच हवं ना.

पोशाख आले. पांढरेशुभ्र, डोक्यापासून पायापर्यंत एकसंध. आत शिरलं की घामाच्या धारा लागायच्या. पाणी प्यायची सोय नाही, कारण प्यालं की बाहेर जावं लागतं, बाहेर जायला पोशाख उतरवावा लागतो, आणि दिवसाला पोशाख एकच. मुंगूसबाई पहिल्याच दिवशी बाहीत हरवली. तिला हाका मारमारून बाहेर काढावी लागली. बगळिणीची मान आत दुमडून बसवली, तेव्हापासून ती जग वाकडं बघते. पण दोघींनी वेल गुंडाळून, गाठी मारून कसंबसं निभावलं. आपल्याकडे निभावून नेण्याला फार मान आहे.

वेणूने पोशाख घातला आणि वेल आवळली. टर्र.

पाठीमागून काटे असे बाहेर आले, जसे पोत्यातून खिळे यावेत. वेणूने फाटलेल्या जागी पानं चिकटवली आणि तशीच कामाला लागली. दुसऱ्या दिवशी दुसरा पोशाख. टर्र.

ही बातमी वर गेली. सिस्टर आजारी पडल्याची बातमी वर जायला आठवडा लागला होता. पोशाख फाटल्याची बातमी त्याच दुपारी पोचली.

लगेच चौकशी समिती नेमली. अध्यक्ष अस्वलराव. तज्ज्ञ सदस्य तरसशेठ. तिसऱ्या खुर्चीवर फाटका पोशाख ठेवला होता, पीडित म्हणून. वेणूला उभं केलं होतं.

"सिस्टर, हे तुम्ही काय केलंत?" अस्वलरावांनी विचारलं.

"साहेब, माझ्या पाठीवर काटे आहेत," वेणू म्हणाली. "माझ्या मापाचा एखादा शिवून मिळाला, पाठीत जरा ऐसपैस, तर बरं होईल."

"माप एकच आहे," तरसशेठ म्हणाले. "सर्वांना समान. एकाला वेगळं दिलं तर उद्या जिराफ उभा राहील."

"पण फाटक्यातून घुरघुर आत येते, साहेब. मला लागली तर मी घरी लेकीला देईन."

समितीने मान डोलावली. मुद्दा गंभीर होता. पोशाख फाटता कामा नये, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पोशाखाने तर हूं की चूं केलं नाही, म्हणजे त्याचीही संमती होती. निर्णय दिला गेला: पोशाखाच्या सुरक्षेला सिस्टरच्या पाठीपासून धोका असून तो धोका मुळापासून काढून टाकावा.

"म्हणजे?" वेणूने विचारलं.

"म्हणजे काटे काढून या."

वेणू म्हणाली, "साहेब, मला रोज नाल्यातून घरी जावं लागतं. तिथे बिबट्या आहे. काटे गेले तर मी जाऊ कशी?"

"पोशाख आहे की."

"मग तो घरी जाताना घालू?"

"छे छे," तरसशेठ दचकून म्हणाले. "पोशाख दवाखान्याच्या बाहेर न्यायचा नाही. बाहेर धोका असतो."

"आणि नाला आमच्या खात्यात येत नाही," अस्वलराव म्हणाले. "शिवाय काटे काय, पुन्हा उगवतात. तक्रार कशाला? नको असेल तर काम सोडा. पोशाखाशिवाय मात्र आत जाता येणार नाही."

मुलांनो, तुम्ही म्हणाल, वेणूने काम सोडायचं. मीही तेच म्हटलं असतं. पण गुहेत एक म्हातारा रानडुक्कर निजला होता. तो कुणाच्या हातून पाणी घेत नव्हता. वेणू आली की तेवढा तोंड उघडायचा. शेजारी ससूताई धापा टाकत होती. मुंगूसबाई आणि बगळीण मिळून किती पुऱ्या पडणार? वेणू गुहेच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. आतली घुरघुर बाहेर ऐकू येत होती.

"काढा, बाई," ती हत्तीणबाईंना म्हणाली.

हत्तीणबाईंनी सोंडेने एकेक काटा उपटायला सुरुवात केली. वेणूने दात आवळून धरले होते.

"मी वर बोलून पाहिलं गं," हत्तीणबाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे, बाई. तुम्ही हात थांबवू नका. थांबलात की जास्त दुखतं."

उपटलेले काटे वाया गेले नाहीत. थोड्यांच्या लेखण्या झाल्या आणि त्यांनीच समितीचा अहवाल लिहिला गेला. एक लांब, सुबक काटा अस्वलीणबाईंनी भांग पाडायला नेला.

आता वेल आवळली तरी पोशाख वेणूच्या अंगावर न फाटता राहू लागला. अस्वलराव लांबून बघून गेले आणि खूश झाले. पण काम संपल्यावर वेणू पोशाख काढायची तेव्हा आतून एक लहानसं, गुलाबी, ओळखू न येणारं जनावर निघायचं. पहिल्या संध्याकाळी ती नाल्याच्या काठापर्यंत गेली. खालून आवाज आला, "कोण? सिस्टर का? पावलं ओळखीची वाटली, पण..."

वेणू मागे फिरली. त्या दिवसापासून ती गुहेच्या कोपऱ्यातच निजू लागली.

राजेसाहेबांना हे कळलं. त्यांनी भर दरबारात सांगितलं, "पहा ही कर्तव्यनिष्ठा. ही सिस्टर घरीसुद्धा जात नाही." पुन्हा शेपट्या आपटल्या गेल्या. नाल्यापलीकडे बोरी बिळाच्या तोंडाशी बसून तो धडधडाट ऐकत होती. आपल्या आईसाठीच तो चालला आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिला आईच हवी होती.

वेणूने म्हाताऱ्या रानडुकराला उठवून बसवलं. ससूताईला पायांवर उभं केलं. किती जनावरं तिच्या हातून बरी झाली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. हिशेब पोशाखांचा होता. हळूहळू साथ ओसरली.

साथ संपली तशी गुहेत निजायची परवानगीही संपली. त्याच दिवशी समारंभ ठेवला होता. दुपारचा समारंभ. पण अस्वलराव मधाच्या एका कार्यक्रमात अडकले, आणि यायला दिवस कलला. आल्यावर त्यांनी मनापासून भाषण केलं.

"साथीच्या उत्तरार्धात आपल्या दवाखान्यात एकही पोशाख फाटला नाही," ते म्हणाले. "हे जगातल्या कुठल्याही जंगलाला जमलेलं नाही."

टाळ्या झाल्या. वेणूला शाल आणि नारळ दिला. तिने घातलेला पोशाख काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलं. वेणूने हळूच विचारलं, "साहेब, कुणी नाल्यापर्यंत सोबत येईल का? काटे अजून बोटभरच आलेत."

"अवश्य," अस्वलराव म्हणाले. "अर्ज करा."

हत्तीणबाई पुढे झाल्या होत्या. पण काचेची पेटी जड होती आणि ती उचलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांना तिकडे बोलावलं. वेणू थांबू शकली असती. पण नाल्यापलीकडे तिची लेक होती, आणि लेकीला बघून किती दिवस झाले होते.

ती शाल पांघरून नाल्यात उतरली. बिबट्या वाटेतच बसला होता. या वेळी तो बाजूला झाला नाही.

"नमस्कार, सिस्टर," तो म्हणाला. "इतके दिवस मला वाटायचं, मी तुमचा फार आदर करतो."

"मग आज?"

"आज कळलं, आदर काट्यांचा होता."

पुढचं मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात, आणि मला अजून त्या बिबट्यापेक्षा त्या समितीचा राग जास्त येतो. बिबट्याने निदान तोंडावर खरं सांगितलं.

सकाळी नाल्यात शाल सापडली. ती दवाखान्यात नेऊन तपासली. कुठेही फाटली नव्हती. तशी नोंद झाली.

जंगल निर्दय नसतं, मुलांनो. दरबाराने ठरवलं की वेणूच्या जागी तिच्या लेकीला अनुकंपा म्हणून नेमावं. हा निरोप घेऊन हत्तीणबाई स्वतः नाला ओलांडून गेल्या. बोरी बिळाबाहेर आली. ती आता मोठी झाली होती. पाठीवर काळेपांढरे काटे लखलखत होते.

"तुझ्या आईची जागा आहे, बाळा," हत्तीणबाई म्हणाल्या. त्यांना वर बघवत नव्हतं. "एकच अट आहे. तो पोशाख..."

"तोच? त्याच मापाचा?"

"तोच."

बोरीने जरा विचार केला. मग म्हणाली, "आजी, ज्याच्या मापाचा आहे, त्यालाच घालून आत पाठवा ना."

हत्तीणबाई परत आल्या आणि दरबारात उभं राहून त्यांनी हे वाक्य शब्दन् शब्द सांगितलं. अस्वलराव भांग नीट करत राहिले. मग अहवालात लिहिलं गेलं की उमेदवार उद्धट असून नोकरीस अपात्र आहे.

ती जागा अजून रिकामी आहे. पोशाख मात्र काचेच्या पेटीत आहे, इस्त्री केलेला. आणि परवापासून जंगलात पुन्हा कुणीतरी घुरघुरतंय, असं म्हणतात.

तात्पर्य: संकटकाळी सुरक्षेची साधनं जिवापाड जपावीत. जीव कुणाचा, हे विचारू नये.