हात दखाडा

आमच्या शेजारच्या नानांना नमस्कार केला, तर ते उलट नमस्कार करत नाहीत. "हात दखाडा," म्हणतात. मग आपले जोडलेले हात सोडवून, उलटसुलट करून नखांपर्यंत तपासतात.

देवपुरात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. मी नोकरीला अमळनेरला, रोज एसटीने जाऊन येऊन. संध्याकाळी अंगाचं पार चिपाड झालेलं असतं आणि नाना फाटकात उभे. त्यांच्या अंगणातल्या नळाला जुना पायमोजा बांधलाय, मोज्यात साबण. "भाऊ, बठ्ठा रोग हातमाच शे," सगळा रोग हातातच असतो, हे ऐकल्याशिवाय मला घरात शिरता येत नाही. वैताग याचा, की ते खरं आहे. खोटं असतं तर निदान भांडता आलं असतं. मी मुकाट्याने हात धुतो.

गेल्या थंडीत कॉलनीची भरीत-पार्टी होती. भाजलेली वांगी सोलायला चौघं बसली, तर नानांनी त्यांना उठवून नळावर पिटाळलं. मग वाढप्यांना, मग जेवणाऱ्यांना. पुऱ्या गार झाल्या. एकदा तर प्रसाद द्यायला आलेल्या गुरुजींनाही त्यांनी "हात दखाडा" म्हटलं. गुरुजी हल्ली आमची गल्ली टाळतात.

परवा बस वाटेत बंद पडली. घरी पोचलो तेव्हा अंगात त्राण नव्हतं. नाना फाटकात दिसेनात. सुटलो म्हटलं, तर ओट्यावरून आवाज आला, "चिऊ, हात दखाड!"

कॅनडातल्या नातीशी व्हिडिओ कॉल चालला होता. पोरीने दोन्ही पंजे पडद्याला टेकवले. "धुतले, आजोबा!"

"धरा, भाऊ." फोन माझ्या हातात कोंबून नाना नळाकडे धावले. साबण लावून हात धुतले आणि तसेच येऊन तिच्या पंजावर बोट ठेवलं. ओल्या बोटाने कॉल कटला.

"बंद पडना. दरखेपी आसंच व्हस."

"हात पुसा ना आधी!" मी वैतागून म्हणालो.

"तितली येळ ती थांबत नही. शाळा शे तिनी."

पोरगी जन्मली तिकडेच. नानांनी तिला अजून एकदाही जवळ घेतलेलं नाही. हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी फार लागलं. मी परत फोन लावला. कुणी उचलला नाही. नाना आपल्या ओल्या हातांकडे बघत बसले.

मी नळावर गेलो, मोज्यातल्या साबणाने हात धुतले आणि त्यांनी न मागता पुढे केले. नानांनी ते घेतले. नखं पाहिली नाहीत.

"गार शेतस," म्हणाले, आणि बराच वेळ धरून बसले.