केशोरावजींचं पाणी

मोबाइलमधून एक गोड गळ्याची बाई गात होती, "केशोरावजी येणार, केशोरावजी बोलणार, पाण्याचा ग्लास देऊन माईक काढून घेणार." शालीकरामने घाईघाईने आवाज बंद केला. हे गाणं पाच मिनिटांपूर्वीच केशोरावांना ईमेलने गेलं होतं.

शालीकराम हा कामठ्याच्या मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचा, सचिव. यंदा निमंत्रणाचं गाणं, व्हिडिओ आणि ईमेल एआयकडून करून घ्यायचं समितीने ठरवलं आणि कोणता एआय घ्यायचा हे त्याच्या गळ्यात मारलं. गाणं सुरेख करणाऱ्याला व्हिडिओ येत नव्हता. व्हिडिओवाला माणसांना सहा-सहा बोटं काढत होता. ईमेलवाला 'आदरणीय महोदय'च्या पुढे सरकत नव्हता. शालीकराम आठ दिवस वही घेऊन तिघांची तुलना करत बसला, कारण चूक परवडणारी नव्हती. उद्घाटक म्हणून येणारे सौंदडचे केशोराव म्हणजे टिकेशचे वडील, आणि टिकेशचं स्थळ रविताला, म्हणजे शालीकरामच्या लेकीला, आलं होतं. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं. मंडईच्या दिवशी घरी जेवून केशोराव होकार देणार होते, तेवढाच काय तो बाकी होता.

शेवटी त्याला तिन्ही कामं करणारा एक एआय सापडला. तिथेच घात झाला. दंडारीच्या, म्हणजे इथल्या लोकनाट्याच्या, शाहिराला गाणं सांगताना गावातलं आतबाहेरचं सगळं सांगायचं आणि काय गायचं ते त्याने ठरवायचं, अशी या भागातली रीत. शालीकरामने मशीनलाही तसंच मन मोकळं करून लिहिलं: केशोरावजींचं नाव मोठं करा. त्यांचं भाषण फार लांबतं. म्हणून मध्येच पाण्याचा ग्लास देतो आणि ते प्यायला लागले की माईक काढून घेतो. हे फक्त तुमच्या माहितीसाठी. मशीनने यातलं अक्षरही वाया घालवलं नाही. 'फक्त तुमच्या माहितीसाठी' हे तर धृपद झालं होतं. मग त्याने विचारलं, पाहुण्यांना पाठवू का? नाही म्हटलं तर सगळं पुसलं जाईल या भीतीने शालीकरामने न ऐकताच 'हो' दाबलं होतं.

"अवो, वापस बोलवा ना त्या मेलले," त्याची बायको दुलारी म्हणाली.

"बकरी हाये का ते, हाक मारली का येईल?"

तेवढ्यात केशोरावांचा फोन आला. शालीकरामने उचलला नाही. तीनदा वाजून तो थांबला आणि खाली दोनच शब्द उमटले: येऊन राहिलो. रविता आत जाऊन पाठ करून बसली. लेकीचा संसार आपण एका अंगठ्याने मोडला, या विचाराने शालीकरामला रडूच कोसळलं.

दुपारी टिकेशच्या मोटरसायकलवरून केशोराव आले. खुर्चीवर बसले, पण चकार शब्द बोलेनात. आयुष्यात पहिल्यांदाच ते गप्प होते, म्हणून शालीकराम जास्तच घाबरला. त्यात दुलारीने सवयीने पाण्याचा ग्लास आणून पुढे ठेवला. सगळे ग्लासाकडे बघू लागले. केशोरावांनी तो बाजूला सारला.

"शालीकरामजी, तीस वर्षं झाली. मले वाटे, मले तहान लागली आसन म्हणून लोक पाणी देऊन राहिले."

शालीकरामने हात जोडले. "चुकलो जी. पण पोरीवर राग नोका काढू."

"पोरीवर कायले काढू? माह्या घरच्यायनं बी जे सांगतलं नाई, ते तुमच्या मशीननं सांगतलं. रिश्ता पक्का समजा."

आतून बांगड्या वाजल्या. दुलारीने डोळ्यांना पदर लावला. शालीकरामच्या जिवात जीव आला.

"पण मंडईत मी भाषण करणार नाई," केशोराव म्हणाले.

एवढं सुख एका दिवसात शालीकरामला सोसेना. "काऊन जी?" तोंडदेखलं त्याने विचारलं.

केशोरावांनी खिशातून मोबाइल काढला. "टिकेशनं मले बी एक एआय लावून देल्ला. माह्याच आवाजात बोलते. सकाळी त्याले भाषण सांगतलं, दोन तास सत्तावीस मिनिटांचं झालं. तेच लावा."

मग त्यांनी बाजूला सारलेला ग्लास जवळ ओढला.

"त्याले तहान नाई लागत," असं म्हणून ते निवांत, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायले.