नथ्थूजींची बदली

नथ्थूजी कारकून नव्या कचेरीत आले की दौत मांडायच्या आधी जुने रुमाल सोडत. लाल फडक्यांत बांधून फळीवर टाकलेली, वर्षानुवर्षं धूळ खाणारी ती दप्तरं. साहेबानं दिलेलं काम तसंच पडलेलं आणि हे महाशय बोट फिरवत नावं वाचत बसलेले. शेवटचा रुमाल बांधला की म्हणत, "इथलं झालं, बाप्पा," आणि बदलीचा अर्ज खरडत.

मोजणी, टपाल, सडकेचं खातं आणि मग आमची अमरावतीची तहसील. कापसाला सोन्याचा भाव आलेला. निम्मे कारकून सरकारी नोकरीला लाथ मारून आडत्यांकडे पळाले. नथ्थूजींनाही अकोल्याच्या एका आडत्यानं दुप्पट पगारावर बोलावलं होतं. हे गेले नाहीत. आडत्याकडे कायचे रुमाल, म्हणाले.

कोणी म्हणे, वरकमाईची जागा शोधतात. मी शिरस्तेदार, माझ्या मते माणूस अट्टल कामचुकार. शेवटी वैतागून मीच साहेबाच्या कानी लागलो आणि ही ब्याद फौजदारी कचेरीत ढकलली, वर पगारवाढ देऊन. गावोगावचे पाटील बेवारशी प्रेतांचे पंचनामे तिथं पाठवत. नावं वाचायची हौस फिटेल, असं मी चारचौघांत बोललोही.

हुकूम नथ्थूजींनी दोनदा वाचला. संध्याकाळी माझ्या घरी आले. तेवढी बदली रद्द करा, म्हणाले.

"काहून? चार कचेऱ्या मागून घेतल्या, आता हेच टोचते का तुमाले?"

त्यांनी पागोटं सारखं केलं.

"माह्या धाकट्या भावाले, पुंडलिकले, मी अकोटच्या बाजारात सगळ्यांदेखत मारलं, रावसाहेब. कापसाच्या गाड्यांसंगं गेला तो गेला. मोजणीत त्याच्या नावाचं शेत नाई, टपालात चिठ्ठी नाई, सडकेच्या मजुरांत नाव नाई. तुमच्या तहसिलीतल्या करपट्टीच्या यादीतबी नाई. आता तेवढेच रुमाल राह्यले. तिथं निंगाला, त मी काय करू?"

हुकमावर सही झाली होती. माझी मलाच लाज वाटली, पण माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

महिन्याभरानं फौजदारी कचेरीत जाणं झालं. नथ्थूजी दौत मांडून दिलेलं काम मुकाट्यानं करत होते. त्यांच्या पाठीमागं फळीवर रुमाल होते, आणि एकाचीही गाठ सुटलेली नव्हती.

बदलीचा अर्ज त्यांनी पुन्हा केला नाही.