इतर लोक नसल्याचा दाखला

साथीचे रोग जंतूंमुळे पसरतात, असा शास्त्रज्ञांचा समज आहे. ते इतर लोकांमुळे पसरतात, हे पनवेलमध्ये कोणीही सांगेल.

या सत्याला शासकीय पाया मिळवून देण्याचं भाग्य आमच्या साथकालीन लोकवर्तन समितीला लाभलं. मी तिचा टिपणी-लेखक. (मानधन नव्हतं. चहा होता, आणि चांगला होता.) समितीत शास्त्र जाणणाऱ्या एकट्याच, खारघरच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या रुचिरा मॅडम. त्यांचं म्हणणं, माणूस फलक वाचून वागत नाही, शेजारचा काय करतो ते बघून वागतो. तेव्हा आधी लोकांना विचारा. हे इतकं सरळ होतं की समितीला समजायला तीन बैठका लागल्या.

दोन हजार लोकांना दोन प्रश्न विचारले. तुम्ही मास्क लावता का? सत्त्याण्णव टक्के म्हणाले, हो. इतर लोक लावतात का? चौऱ्याण्णव टक्के म्हणाले, छे, नावच नको. (काहींनी मास्क हनुवटीवर घेऊन प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. ऐकू आला नव्हता म्हणे.)

"यात इतर कोणी नाहीतच. सगळे हेच आहेत," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे ते सर्व्हेतून निसटले," अध्यक्ष आनंदाशेठ म्हणाले. "शोधा त्यांना."

शोधले. खारघरच्या टॉवरवाल्यांनी सांगितलं, इतर लोक ओवे गावात राहतात. ओव्याच्या लोकांनी टॉवरकडे बोट दाखवलं. नेरे गावात कळलं की ते शनिवारी गाड्या घेऊन फार्महाऊसवर येतात. आम्ही शनिवारी गेलो, तर फार्महाऊसवाले म्हणाले, आम्ही सगळे घरचेच. पण समिती खचणारी नव्हती. जिथे इतर लोक नाहीत तिथे धोका नाही, हे उघडच आहे. म्हणून आम्ही तसा दाखला सुरू केला. गावातल्या किंवा सोसायटीतल्या प्रत्येकाने 'मी इतर नाही' अशी सही करायची, की समारंभाला परवानगी. पंधरवड्यात एकशे बारा दाखले गेले.

मग नेऱ्याच्या काशिरामचा अर्ज आला. त्याच्या कोमलचं लग्न आधीच दोनदा पुढे गेलेलं. आणखी एकदा तारीख हलली तर सोयरीक मोडू, असं मुलाकडच्यांनी स्पष्ट कळवलं होतं. पोरीने जेवण टाकलं होतं. सगळ्या गावाने पटापट सह्या केल्या. अडली ती ठमाबाई.

ठमाबाई गावची धवलारीण. लग्नाचे धवले तीच गाते, हळदही तिच्याच देखरेखीखाली लागते. नेऱ्यातल्या आगरी घरांत तिच्यावाचून लग्न लागत नाही. वय शहात्तर. तिने कागद परत केला.

"मी नाय लावत मास्क. तोंड बांधून धवले कशे गाऊ? आनि डोस पन नाय घेतला, सुईला भितंय मी. मंग खोटी सही कशाला करू?"

"आये, पोरीचं लगीन मोडल," काशिराम म्हणाला. ठमाबाईने कोमलच्या डोक्यावर हात ठेवला, पण सही केली नाही.

इकडे समितीत आनंदीआनंद. पहिली इतर व्यक्ती सापडली होती! आनंदाशेठ शाल घेऊन स्वतः नेऱ्याला गेले. मॅडमनी तेवढ्यात एक नियम लिहून पुढे सरकवला आणि समितीने परंपरेनुसार तो न वाचता मंजूर केला. इतर व्यक्तीने डोस घ्यावा. मग तिला उघड्यावर, सहा फूट अंतरावर स्वतंत्र खुर्ची द्यावी आणि पान सर्वांआधी वाढावं. असं झाल्यास समारंभाला दाखल्याची गरज नाही.

नियम संसर्ग टाळण्यासाठी होता. नेऱ्याने तो मानपान म्हणून वाचला. स्वतंत्र खुर्ची, पहिलं पान आणि वर अध्यक्ष शाल घेऊन दारात! कोमलची आत्या मैना फुगून बसली. "सख्खी आत्या मी, आनि खुर्ची दुसऱ्यांना? लिवा माजं नाव. मी पन नाय लावत." आत्याचं लिहिलं म्हणून मामीचं, मामीचं लिहिलं म्हणून भावकीचं. संध्याकाळपर्यंत तीनशे अठरा जणांनी कबुली दिली. डोसच्या रांगेत पुढे कोण, यावरून दोघांचं वाजलंसुद्धा.

ठमाबाईने डोळे मिटून, कोमलचा हात घट्ट धरून सुई घेतली. तीन आठवड्यांनी कापलेल्या शेतात तीनशे अठरा खुर्च्या लांब लांब मांडल्या आणि ठमाबाई ओट्यावरून, एकटीच, माईकवर गायली. कोमल हळदीने माखून हसत होती. मला, खरं सांगतो, भरून आलं. नंतर गावात कोणी साधं शिंकलंही नाही.

अहवालात अर्थातच भावनेला जागा नसते. त्यात नेरे हे तालुक्यातलं सर्वांत धोकादायक गाव ठरलं, कारण इतर लोक तिथेच आढळले. दाखला मिळवणाऱ्या एकशे बारा ठिकाणांना 'आदर्श' पुरस्कार देण्यात आले. (सत्कार बंद सभागृहात झाला. त्यानंतरची बैठक ज्याने त्याने आपापल्या अंथरुणातून, फोनवर घेतली.)

पुढच्या साथीच्या तयारीसाठी हा अहवाल आता आपल्यासारख्या सुज्ञ वाचकांपुढे ठेवला आहे. शेवटी एक ओळ रिकामी सोडली आहे: 'वाचताना आपल्या ओळखीचं जे कोणी आठवलं, त्यांचं नाव लिहा.' आजवर चार हजारांवर नावं आली. नेऱ्याहून आलेली तीनशे अठरा बाद करावी लागली, कारण प्रत्येकाने स्वतःचंच लिहिलं होतं.

आपण कोणाचं लिहिणार, ते आपण ठरवा. आपलं मात्र आलेलं आहे. शेजारच्यांनी कळवलं.