आईच्या हयातीचा दाखला

सरकारी कागद म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! धंदा माझा फरश्या बसवण्याचा. पण इथे इटलीत, आमच्या फोर्ली शहरातल्या कुठल्याही अल्बेनियन माणसाला विचारा, राहण्याच्या परवान्याचा अर्ज कोणाकडून भरून घ्यावा? तो म्हणेल, पेत्रितकडून. कुठल्या खिडकीवरची बाई जेवणानंतर जरा मवाळ होते, कुठल्या साहेबाला फोटोत दात दिसलेले खपत नाहीत, सगळं मला तोंडपाठ. त्यामुळे माझ्या स्वतःच्या आईला अल्बेनियातल्या गावाहून कायमचं इकडे आणायचं ठरलं, तेव्हा मी बायकोला, झमीराला, ऐटीत सांगितलं, "तू फक्त आईच्या खोलीचे पडदे निवड. बाकीचं माझ्यावर सोड."

आई गावात एकटी. मी एकुलता एक आणि वडील जाऊन चार वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात ती अंगणात घसरली आणि दोन तास तशीच पडून राहिली. शेजारीण अंडी मागायला आली म्हणून निभावलं. आईने मला हे हसत हसत सांगितलं, पण तेव्हापासून अवेळी फोन वाजला की मी हातातलं टाकून धावतो. तिचा परवाना होणं माझ्यासाठी किती गरजेचं होतं, ते यावरून ओळखा.

सगळे कागद झाले, एक उरला: घराचा. नगरपालिकेची बाई येते, टेप लावून घर मोजते आणि हे घर किती माणसांना पुरेल ते लिहून देते. आम्ही नवरा-बायको, दोन मुलं, आणि आई पाचवी. पाच माणसांना सहासष्ट चौरस मीटर लागतात आणि माझं घर आहे अडुसष्ट. फरशी मीच बसवलेली, एकेक तुकडा मोजून. म्हणजे चिंता करण्यासारखं काही नव्हतंच.

चूक एकच झाली. मी आईला फोनवर सांगितलं की गुरुवारी दहा वाजता सरकारी बाई घरी येणार आहे.

तिने विचारलं, बाईंजवळ बसायला कोण कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही, ती मोजेल आणि जाईल. आमच्याकडे म्हणतात, घर देवाचं आणि पाहुण्याचं. पाहुणा यावा आणि घरात त्याच्याशी बोलायला चार माणसं नसावीत, याच्याइतकी नामुष्की दुसरी नाही. आणि हा तर सरकारचा पाहुणा! आईने माझा फोन ठेवला. तिने तिच्या भावाला, आंकोनात राहणाऱ्या जेमालमामाला, फोन लावला.

गुरुवारी साडेनऊला मामा दारात हजर. सोबत झेमीलेमामी, त्यांची मुलं, सुना, व्याही, व्याह्यांचे भाऊ, सगळे धरून सतरा माणसं. तीन पराती भरून बुरेक, म्हणजे सारण भरलेली आमची खारी पेस्ट्री, घरी गाळलेल्या राकी दारूच्या बाटल्या आणि सहा गाद्या. गाद्या कशाला, तर एवढ्या लांबून आल्यावर जेवून लगेच निघालं तर पाहुणीला वाटेल आपल्यात काही बिनसलंय. मी हात जोडले, म्हटलं मामा, आज नको, आज घर रिकामं दिसायला हवंय. मामाला हे इतकं लागलं की तो तोंड पाडून कोचावर जाऊन बसला. बाकीचे पुरुष त्याच्या शेजारी ओळीने बसले, बायका आतल्या खोलीत गेल्या आणि झमीराने मुकाट्याने कॉफी टाकली. तिने मला दिलेला कटाक्ष मात्र मुकाट नव्हता.

बरोबर दहाला नगरपालिकेच्या तारोत्सीबाई आल्या. घंटा वाजली, मी दार उघडलं, तर बाई चपला-बुटांच्या मधोमध उभ्या. आम्ही पादत्राणं दाराबाहेर काढतो. सतरा जोड दारापासून जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत गेले होते. बाईंनी ते शांतपणे मोजले आणि मग विचारलं की इथे किती जण राहतात.

"चार," मी म्हटलं.

बाई आत आल्या. मामा तीस वर्षं इटलीत आहे, भाषा उत्तम येते. बाईंनी त्याला सहज विचारलं, आपणही इथेच राहता का? आधीच दुखावलेला मामा ताठ झाला. "मग काय परका आहे का मी? माझ्या बहिणीच्या मुलाचं घर आहे हे." बाईंनी लिहून घेतलं. मग त्यांनी आईच्या खोलीचं दार उघडलं. एकावर एक सहा गाद्या, आणि त्यांच्या कडेने दाटीवाटीने बसलेल्या आठ बायका.

"सिन्योर पेत्रित," बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही गाद्या भाड्याने देता का?"

असा शेरा कागदावर पडला की अर्ज खलास, आणि आई पुढचाही हिवाळा त्या अंगणात. काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ओळीने बसलेली माणसं, काळी कॉफी, दाराबाहेर जोडे, कोणाच्याच तोंडावर हसू नाही. आणि डोक्यात वीज चमकली.

"दुःखाचं घर आहे, बाई," मी म्हटलं. "माणसं भेटायला आली आहेत."

बाईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी वही मिटली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"अरेरे. कोण गेलं?"

आता हा प्रश्न येणार हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, नाही का? मामाला मारावं तर तो समोर बुरेक खातोय. बायको शेजारी उभी. मुलांचं तर मनातसुद्धा आणवत नाही. घरात नसलेलं माणूस एकच, आणि माझ्या तोंडून तेच निघालं.

"आई."

बाईंनी माझा हात हातात घेतला. मग हातातल्या अर्जाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "पण हा अर्ज आईसाठीच आहे ना?"

मी काही म्हणायच्या आत आतून किंकाळी आली. मामीला इटालियन बाजारापुरतीच येते, पण तेवढं तिला कळलं. "वन्सं गेल्या हो!" म्हणत तिने ऊर बडवायला सुरुवात केली आणि बाकीच्या सातजणींनी सूर धरला. मामा परातीतला हात तसाच ठेवून ढसाढसा रडायला लागला. मी एकेकाला अल्बेनियनमध्ये सांगतोय की अरे खोटं आहे, खोटं आहे, आणि ते मला जवळ घेऊन म्हणतायत, होय रे, आम्हालाही खरं वाटत नाही. तेवढ्यात मामाच्या सुनेने गावी कळवूनही टाकलं.

वीस मिनिटांत माझा फोन वाजला. पडद्यावर आई. तिच्या मागे गावातल्या बायका, डोक्याला काळे रुमाल, हातात आमच्याकडे समाचाराला नेतात ते कॉफीचे पुडे.

"पेत्रित," आई म्हणाली, "मी कधी मेले?"

तारोत्सीबाईंनी माझ्या खांद्यावरून डोकावून विचारलं, या कोण? खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं, अंगणातले दोन तासही सांगितले. मामाने डोळे पुसून बाईंना कॉफी दिली, मामीने बुरेक दिला. बाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि टेप काढली. अडुसष्ट मीटर भरले. बाईंनी पाच माणसांना पुरेसं असं लिहिलं.

"पण मृत्यूची गोष्ट माझ्यासमोर झाली आहे," त्या म्हणाल्या. "मला नोंद करावीच लागेल. आईंचा हयातीचा दाखला आणा."

तालुक्याच्या कचेरीत आई त्या सगळ्या बायकांना साक्षीला घेऊन गेली. कारकुनाने ओळखपत्र मागितलं, तर आई म्हणाली, आधी तुझ्या आईला विचार, ती कालच माझ्याकडे समाचाराला येऊन गेली. दाखला तीन आठवड्यांनी मिळाला, मग मंजुरी, मग व्हिसा, आणि एप्रिलात आई आली. बोटांचे ठसे झाले आणि कार्डही हातात आलं. मी पुन्हा चारचौघांत मान वर करून बोलायला लागलो.

परवा संध्याकाळी आई स्वयंपाकघरात भाजलेल्या ढोबळी मिरच्या सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुझा मामा रडला. मामी रडली. शेजारीण तर माझ्याच गळ्यात पडून रडली. तू नाही रडलास म्हणे."

"अगं आई, तू जिवंत आहेस हे मला ठाऊक होतं."

"मलाही ठाऊक होतं. तरी मी रडले."

यावर कुठला अर्ज भरणार, सांगा! मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि काय झालं कोण जाणे, ते अंगण, ती थंडी, तिथे एकटी पडलेली ती, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. टेबलावर डोकं ठेवून मी रडलो. खरंखुरं, हुंदके देऊन.

आईने सुरी बाजूला ठेवली. हात पुसले. माझ्याकडे जरा वेळ नीट पाहिलं आणि पुन्हा मिरची हातात घेतली.

"बरं," ती म्हणाली. "पण तुझी मामी याहून चांगली रडली होती."